चव पाहिजे का ढग?

सिगारेट सुटलेल्या माणसाकडं सांगायला एकच किस्सा असतो, ती कशी सुटली त्याचा. सोडायला निघालेल्या माणसाकडं मात्र किश्श्यांची रास लागते. मी दोन वर्षं नुसता निघालेलोच होतो, त्यामुळं माझ्याकडं स्टॉक भरपूर आहे!

निमित्त झालं माझ्या मुलीचं. सई तेव्हा पहिलीत होती. मी कारखान्यातून आलो की पळत दारापर्यंत यायची आणि दारातच नाक दाबून उभी राहायची. "पप्पा, वास येतोय. अंघोळ करा, मग मांडीवर येते." अंघोळ केली तरी वास काही जायचा नाही. मग ती आईच्या मांडीवर बसायची आणि मी समोरच्या खुर्चीत. फार लागायचं हो मनाला. मला दुसरं काही नको होतं, पोरगी मांडीवर यायला पाहिजे होती.

तेव्हा वेपवर, म्हणजे धुराऐवजी वाफ ओढायच्या बॅटरीवरच्या सिगारेटवर, बंदी आली नव्हती. आमची तिघांची टोळी. मी माने, टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅचला. दुसरा मल्लिनाथ, मूळचा दुधनीचा. सोलापुरात विजापूर वेशीजवळ त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, म्हणजे शेतातल्या पंपाची मोटर जळाली की आतली तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायची. तिसरे इक्बालभाई, अत्तरवाले. तिघांनाही घरच्यांनी सिगारेटवरून बोलून बोलून सोडून दिलं होतं.

तयार वेप घेतला असता तर विषय तिथंच मिटला असता. पण मल्लिनाथ म्हणाला, "तयार काय घ्यायचं? आपुन गुंडाळू की!"

मग आला ॲटोमायझर. अंगठ्याएवढी धातूची वाटी. तिच्यात आपणच तारेची कॉइल बसवायची, कॉइलमधून कापूस ओवायचा, कापसावर सुवासिक लिक्विड सोडायचं आणि खाली बॅटरीचं बटण दाबायचं. तार तापते, वाफ होते, ती ओढायची. यात दोन जाती. हवेची भोकं बारीक असली की चव झकास आणि वाफ बेताची. भोकं मोठी असली की ढगच्या ढग, पण चव पातळ.

इक्बालभाई चवीच्या पार्टीत, मल्लिनाथ ढगाच्या. मी? ज्याच्या चहाचा कप हातात असेल त्याच्या!

*

पहिली कॉइल अर्थातच मल्लिनाथनं गुंडाळली. "तीन एचपीची मोटर डोळं मिटून गुंडाळतो म्या. ह्याला काय हुतंय!"

तासभर खपून त्यानं दुकानातल्याच तांब्याच्या तारेची इतकी देखणी कॉइल केली की मी मोबाइलवर फोटो काढला. बसवली. बटण दाबलं. बारक्या स्क्रीनवर अक्षरं आली, शॉर्ट!

उलगडली, परत गुंडाळली. शॉर्ट! तिसऱ्यांदा गुंडाळली. शॉर्ट!

मल्लिनाथ चिडला. "हीच तार मोटरमधी वीस वर्षं चालती. जरा म्हनून तापत न्हाय!"

इक्बालभाई शांतपणे म्हणाले, "मियाँ, इथं तापायलाच पाहिजे."

मल्लिनाथनं कॉइल काढून तळहातावर घेतली. मग म्हणाला, "जलमभर तार तापू नये म्हनून झटलो. आता ह्या वयात तापवायला शिकू व्हय?"

दुसऱ्या दिवशी इस्त्री-शेगड्या दुरुस्त करणाऱ्याकडनं नायक्रोमची, म्हणजे शेगडीत लाल होते ती, तार आणली. तीही मल्लिनाथनं आणली नाही, मला पाठवलं. गल्लीत इज्जतीचा प्रश्न होता!

*

कापसाची जबाबदारी माझी. ऑनलाइन खास जपानी कापूस मिळतो म्हणे. मी म्हटलं, सोलापुरात राहून कापूस बाहेरून मागवायचा? लोक हसतील! दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या वेस्टेजमधून पांढऱ्याशुभ्र सुताची एक गुंडी खिशात घालून आणली.

पहिला झुरका इक्बालभाईंचा. अत्तर पारखायच्या थाटात त्यांनी डोळे मिटले. मग एकच डोळा उघडला.

"माने, लिक्विड कुठलं घातलंय?"

"व्हॅनिला."

"व्हॅनिला नक्को बोलो. ये तो कांजी है!" मग त्यांनी स्वतःच्या कुर्त्याची कॉलर हुंगली. "हौ, यहीच! धोबीनं सकाळी घातलेली!"

मी पैज लावायला तयार होतो. बरं झालं लावली नाही. कारखान्यात राजय्या नावाचा जुना विणकर आहे, त्याला ते सूत दाखवलं. तो म्हणाला, "अवो साहेब, ताण्याचं सूत हाय ह्ये. मागावर तुटू नये म्हनून खळ लावत्यात की! धुतलं न्हाय व्हय?"

बारा वर्षं मी टॉवेल पॅक करून देशभर पाठवतोय. तो कशाचा करतात हे मला वेप ओढायला लागल्यावर कळलं!

*

एका रविवारी ठरलं की भांडण पुरे. दोन्ही ॲटोमायझर समोर ठेवायचे, तीन लिक्विडं चाखायची आणि कशात चव जास्त कळते त्याचा अधिकृत निकाल लावायचा. निकाल इक्बालभाई देणार, कारण नाक त्यांचं.

"उपाशीपोटी निकाल न्हाय हां," म्हणत मल्लिनाथनं घरनं डबा आणला. कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी. तिघांनी मनसोक्त हाणलं आणि परीक्षा सुरू झाली.

स्ट्रॉबेरी ओढून इक्बालभाई म्हणाले, "लसूण."

कॉफी ओढून म्हणाले, "लसूण."

तिसरा फ्लेवर गोड पानाचा. तो त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही श्वास रोखून बसलेलो.

"यात शेंगा जरा जास्त आहेत."

*

ढगाच्या पार्टीचा एकमेव विजय मंद्रूपच्या पाहुण्यानं बघितला. मल्लिनाथनं ॲटोमायझरची भोकं ड्रिलनं वाढवली होती. शटर अर्धं खाली ओढून आम्ही तिघं एकदमच वाफ सोडत सुटलो. दुकानात एकमेकांची तोंडं दिसेनात. ढग शटरखालून रस्त्यावर गेला.

तेवढ्यात आपली दुरुस्त झालेली मोटर न्यायला मंद्रूपचं गिऱ्हाईक आलं. बाहेरून बघतो तर दुकानातून धूर!

"आवं, माजी मोटर हाय की आत!" असं ओरडत तो गडी शटरखालून सरपटत आत घुसला, हाताला लागली ती मोटर खांद्यावर मारली, बाहेर पडला आणि मोटरसायकलवर टाकून पसार! आम्ही खोकतच होतो.

ढग विरल्यावर मल्लिनाथनं मोटरी बघितल्या. मंद्रूपची मोटर जागेवरच होती. गेली होती ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाची. त्यानं घाईघाईनं फोन लावला. "पावनं, तुमी न्हेली ती तुमची न्हवं!"

पलीकडून आवाज आला, "व्हय? मग ऱ्हाऊ द्या की! ही लई झ्याक पानी वडती!"

*

आता माझी फजिती. सुरुवातीचे पंधरा दिवस सगळं खरंच जमलं होतं. मी आंब्याचा फ्लेवर आणला. सई दारात आली, नाकावरचा हात काढला, हुंगलं आणि टुणकन मांडीवर! "आंब्याचा वास येतोय. पप्पा, हे काय आहे?"

"वाफ घ्यायचं मशीन आहे, बाळा. घशासाठी."

खोटं बोललो. पण पोरगी मांडीवर होती, तेव्हा मला काहीही खरं वाटलं असतं.

पुढं गोची झाली ती अशी. दर दोन दिवसांनी कॉइल जळायची. मग तार गुंडाळा, कापूस ओवा, लिक्विड सोडा. आणि लिक्विड कापसात मुरायला दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत माणसानं करायचं काय? मी गच्चीवर जाऊन एक सिगारेट ओढायचो. मुरलं नाही असं वाटलं तर दोन!

बायकोच्या, राजश्रीच्या, लक्षात आलं. ती म्हणाली, "अहो, आधी सिगारेट ओढून पाच मिनिटांत घरात यायचा. आता सिगारेट सोडायला दोन तास लागतात, आणि सिगारेट आहेच!"

सई हळूहळू परत आईच्या मांडीवर बसायला लागली. मी विचारलं तर म्हणायची, "उद्या येते." आता खरं कारण शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला मात्र वाटलं, आंब्याचा कंटाळा आला असेल. लिची आणली. मग पेरू. मग मल्लिनाथ म्हणाला, "चव सोड, पोरास्नी ढगच आवडत्यात," म्हणून ढगवाला ॲटोमायझरही घेतला. इक्बालभाई चार दिवस बोलले नाहीत. पोरगी तरीही तिकडंच!

*

मग थंडीत एका रविवारी मी जेवणाच्या टेबलाशी मशीन आणि दोन्ही ॲटोमायझर उघडून बसलो होतो. एकात चव, एकात ढग. नुकताच गच्चीवरून खाली आलो होतो. आज कुठला लावावा हे ठरत नव्हतं.

सई स्वयंपाकघरातून आली. दोन दिवस तिला सर्दी होती, नाक लालबुंद झालेलं. खांद्यावर आमच्याच कारखान्याचा मोठा टॉवेल. ती सरळ माझ्या मांडीवर चढून बसली. दोन महिन्यांनी! मी श्वाससुद्धा जपून घेतला. मनात म्हटलं, जिंकलो. लिची असो नाहीतर पेरू, कशानं का होईना, जिंकलो!

तिनं ते मशीन दोन्ही हातांनी पुढं ओढून बरोबर आमच्या समोर ठेवलं. आई तिला वाफ देताना पातेलं ठेवते तसं. मग टॉवेल उघडून तिच्या आणि माझ्या अशा दोघांच्या डोक्यावरून घेतला. आत अंधार झाला.

"पप्पा, मला पण वाफ द्या की. ढगवालं नको, चववालं लावा. मला कशाचाच वास येईना झालाय. आईच्या भाजीचा नाही, साबणाचा नाही. आज तर तुमच्या सिगारेटचा पण येईना!"