दाजी आणि चौघे विरुद्ध पाच

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्यासारखा वाद घालणारा माणूस नाशकात गोदावरीच्या अल्याड-पल्याड झाला नाही. त्यात त्यांचा धंदाही वादाला फार सोयीचा होता. ते दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं, पण बोलायची सोय नाही, असा प्रतिपक्ष मोठमोठ्या वकिलांच्याही नशिबी नसतो. वादाचा विषय मात्र जन्मभर एकच: साठच्या दशकातला सगळ्यात थोर रॉक बँड कोणता? मुंबईत डॉक्टरकी शिकताना खोलीतल्या गोव्याच्या मित्राने त्यांना विलायती रेकॉर्ड ऐकवल्या आणि दाजी कामातून गेले. त्यांच्या लेखी जगात एकच बँड होता, चार पोरांचा. त्याचं नाव ते सहसा उच्चारत नसत. जुन्या बायका जशा नवऱ्याचं नाव टाळून 'हे' म्हणत, तसे दाजी नुसते 'चौघे' म्हणत.

रविवार कारंज्याजवळच्या त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या दवाखान्यात खुर्चीमागेच रेकॉर्ड प्लेअर असे. दाढ काढायची ती गाण्याच्या तालावर. घोटीच्या एका भातगिरणीवाल्याने घाबरत विचारलं, "डॉक्टरसाहेब, एखादं भजन नाही का?" दाजी म्हणाले, "हे भजनच आहे. आ करा." पहिल्या मुलाला चौघांपैकी एकाचं नाव द्यायचा त्यांचा बेत होता. ताईने पाळण्यासमोर ठिय्या देऊन तो हाणून पाडला. तिला त्या गाण्यांचा मनस्वी कंटाळा होता. निदान ती तसं म्हणायची.

अशा या अजिंक्य पुरुषाच्या खुर्चीत एके दिवशी गाल सुजलेले आप्पा येऊन बसले. आप्पा सटाण्याचे, कांद्याचे व्यापारी. तरुणपणी जहाजावर कांदा चढवायला मुंबई बंदरात जात, तेव्हा एका खलाशाने त्यांना काही रेकॉर्ड देऊन टाकल्या होत्या, त्या दुसऱ्या एका बँडच्या. पाच जणांच्या, जरा दांडगट. दाजींनी सवयीने चौघांची थोरवी सुरू केली. आप्पांनी तोंडातला कापूस स्वतःच्या हाताने काढला आणि ते आपल्या अहिराणीत गरजले, "काय सांगी राहिनात डॉक्टर! पाच जणच भारी शेतस!" दाजींच्या हातातून चिमटा पडला. ताई सांगते, इतके आनंदित ते लग्नातही दिसले नव्हते.

मग दाढ बरी झाली तरी आप्पा दर शनिवारी दुपारी येऊ लागले. "तुमचे चौघे गोड आहेत," आप्पा म्हणत, "आणि गोडाने दात किडतात, हे तुम्हीच सांगता." दाजी उत्तर देत, "आणि तुमचे पाच म्हणजे निव्वळ कांदा. डोळ्यांत पाणी येतं, पण ते दुःखाचं नव्हे!" आवाज इतके चढत, की खाली उभे असलेले पेशंट दाढ दुखायची थांबली म्हणून परत जात. शेवटी ताईनेच फर्मान काढलं: कॉलनीच्या गणपतीत लोकांसमोर काय तो निकाल लावा. प्रत्येकाने एक गाणं वाजवायचं, टाळ्या जास्त त्याचा बँड थोर, आणि हरेल त्याने या विषयावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. पंच म्हणून मंडळाच्या अध्यक्षीणबाई. निवृत्त मुख्याध्यापिका, टाळीसुद्धा शिस्तीत वाजवणाऱ्या.

संध्याकाळची आरती झाली. आप्पांनी आपली रेकॉर्ड लावली आणि काय सांगू, पहिल्या रांगेतल्या आज्यांचे गुडघे हलू लागले! टाळ्यांनी मांडव दणाणला. दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली, आणि वीज गेली.

लोक चुकचुकले. "राहू द्या डॉक्टर, उद्या वाजवा," कुणीतरी म्हणालं. पण दाजी समईच्या उजेडात पुढे आले आणि स्वतः गाऊ लागले. त्यांचा आवाज त्यांच्या दात कोरायच्या यंत्रासारखा होता. दोन ओळी झाल्या, पोरं हसू लागली, दाजी अडखळले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून दुसरा आवाज उठला. ताई! स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं नको-नको म्हणत ऐकलेलं ते गाणं तिला शब्द न् शब्द पाठ होतं. पदर खोचून ती दाजींच्या शेजारी उभी राहिली. कोरस आला तेव्हा आप्पांना राहवेना. शत्रूचं गाणं, पण तेही उठले आणि खालच्या पट्टीत भिडले. मग अध्यक्षीणबाईंनी मंडळाचा ढोल पुढ्यात ओढला आणि असा काही ठेका धरला, की सगळी कॉलनी उभी राहून टाळ्या पिटू लागली. निकाल द्यायची गरजच उरली नाही. आप्पांनीच दाजींना उचलून खांद्यावर घेतलं. दाजी हात उंचावून ओरडत होते, "चौघे! चौघे!"

पुढच्या शनिवारी आप्पा आले आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे गप्प बसले. चहा झाला. दाजींनी चौघांची रेकॉर्ड लावली. आप्पा म्हणाले, "छान आहे." त्या 'छान आहे'ने दाजी पार हबकले. दोन-तीन शनिवार असेच सुने गेले. मग एका दुपारी दाजी अचानक म्हणाले, "आप्पा, मी पुन्हा नीट ऐकलं. तुमचे पाचच थोर." आप्पा ताडकन उठले. "अहो, असं कसं डॉक्टर? चौघांना तोड नाही!" आणि बाजू बदलून दोघांचे आवाज पुन्हा रस्त्यावर ऐकू येऊ लागले.

त्यालाही आता दहा वर्षं होत आली. आप्पांना हल्ली जिना चढवत नाही, अर्ध्यावर थांबून दम घेतात. सटाण्याची एसटीही त्यांना मानवत नाही. परवा मी दवाखान्यात होतो. खालून त्यांच्या काठीचा आवाज आला तसे दाजी लगबगीने पाच जणांची रेकॉर्ड शोधू लागले. मी विचारलं, "दाजी, खरं सांगा, थोर कोण?"

"चौघे. त्यात काय विचारायचं?" ते हळूच म्हणाले. "पण आप्पांना बोलू नकोस. एवढ्या लांबून येतात रे ते."