दादरची ट्राम आणि आमची नाल्याची वाट

मला आमगावच्या स्टेशनावर पोचवायला निघालेली बंडी नाल्यापाशी आली, तेव्हा बाबा पुढच्या धुरीवरून खाली उतरले. उतरायचं तसं काही कारण नव्हतं. फाल्गुन होता, नाला कोरडा ठणठणीत, बैल डोळे मिटूनसुद्धा पलीकडं गेले असते. तरी बाबांनी कासरा हातात धरला आणि बैलांच्या पुढं चालत नाला ओलांडला. माझ्याजवळ बसलेल्या मायनं पदर तोंडाशी धरला. सासरी निघालेल्या पोरीनं रडायचं असतं म्हणून घरून निघताना मी रीतसर रडले होते, पण खरं रडू मला तिथं आलं. आदल्या भादव्यात माझी थोरली बहीण जमना याच नाल्यात, याच बंडीत गेली होती.

जमना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. ती अडली. सुईणीनं हात टेकले, तेव्हा गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. बाबांनी बंडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरलं, त्यावर तिला निजवलं आणि आगगाडी गाठायला निघाले. पण आमच्याकडं भादव्यात वाट अशी नसतेच. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्यानं तुडुंब भरलेल्या, मधे बंड्यांनी उकरलेली चाकोरी, आणि तिच्यात गुडघाभर चिखल. नाल्यात चाक कण्यापर्यंत रुतलं. शेतातली माणसं हाका मारून गोळा केली, चाक काढलं, तोवर जमनाही गेली आणि तिच्या पोटातलं बाळही. मी बंडीच्या मागं चालत होते. आगगाडीची शिट्टी तिथपर्यंत ऐकू येत होती.

त्या दिवसापासून बाबांनी तिचं नाव तोंडातून काढलं नाही.

आमचे हे गोंदियाच्या इंजिनघरात फिटरचं काम शिकलेले. मुंबईत ट्रामच्या कारखान्यात माणसं हवी आहेत असं कुणाकडून तरी कळलं आणि हे निघून गेले. लग्नानंतर मलाही घेऊन गेले. बोरीबंदराबाहेर पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी उभी राहिले. समोरून एक घर चालत येत होतं. घर नाही तर काय म्हणायचं? छप्पर होतं, खिडक्या होत्या, आत बाकांवर माणसं बसली होती, एकजण तर आरामात वर्तमानपत्र वाचत होता. पुढं बैल नाही, घोडा नाही, धूर ओकणारं इंजिन नाही. मी सरळ वाकून चाकांखाली पाहिलं.

"अवं, खाली काय पाहतेस? वर पाह, वर!" हे हसत सुटले.

वर एक तार होती. गाडीच्या टपावरचा दांडा त्या तारेला टेकला होता. आमच्या अंगणात लुगडी वाळत घालायची दोरी त्या तारेहून जाड असेल. त्यातून म्हणे ताकद येते, दिसत नाही, आवाज करत नाही. मी मनातल्या मनात हात जोडले. आता इतकी वर्षं इथं काढल्यावर लोक मला मुंबईकरीण म्हणतात, पण खरं सांगायचं तर त्या तारेपुढं मी अजूनही खेड्यातलीच आहे.

आम्ही दादरला राहिलो, ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ. मी भाजी आणायला म्हणून जायची आणि तिथंच रेंगाळायची. ट्राम तिथं येऊन थांबे, पण वळत नसे. मला याचंच मोठं नवल. आमची बंडी वळवायची तर निम्मा गाव बाजूला सरकवावा लागतो! इथं कंडक्टर खाली उतरे, दोरीनं वरचा दांडा फिरवून उलट्या बाजूला लावी. चालवणारा आपलं पितळी हँडल काढून गाडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राही. मग कंडक्टर आत येऊन बाकांच्या पाठी एका हातानं खाट खाट ढकलत जाई. झालं. मघाशी जे मागं होतं ते पुढं झालं, आणि सगळे उतारू पुन्हा पुढच्याच बाजूला तोंड करून बसलेले.

आणि रूळ! रस्त्यात दगडी फरशांच्या बरोबरीनं बसवलेले, वर आलेले नाहीत की खाली गेलेले नाहीत. चाक बाहेर जाणार नाही, आत रुतणार नाही. आमच्याकडं चाकोरी म्हणजे चाकाला गिळणारी. ही चाकाला धरून नेणारी. मुसळधार पावसात खिडकीतून मी हे बघत बसे आणि मला आमचा नाला आठवे. इथल्या बायकांना वाटायचं, नवी नवरी आहे, माहेरच्या आठवणीनं गप्प असते.

वर्षभरानं मला दिवस गेले. सातवा लागला आणि धानाची रोवणी आटोपताच, भर श्रावणात, बाबा मला न्यायला आले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. डोक्यावर पागोटं, हातात काठी, आणि पाठीवर एक मोठं पोतं. मला वाटलं तांदूळ आणले. पोतं उघडलं तर आत तणस. आगगाडीच्या लाकडी बाकावर मला दचके बसू नयेत म्हणून आमगावहून मुंबईपर्यंत हा माणूस धानाचं तणस वाहून घेऊन आला होता!

"बंडी नाई लावत," बाबा म्हणाले. "चार माणसं सांगून ठेवली. टेसनावरून खाटेवर नेऊ तुले. पाय चिखलाले लागू देत नाई."

म्हणजे बाबाही भ्याले होते. पण न्यायचं नाही, हे त्यांच्या मनात येणं शक्य नव्हतं. मायनं डिंक कुटून ठेवला होता, बाजेला नवी दोरी विणून घेतली होती. आणि मी? मी पुढ्यात सूप घेऊन तांदूळ निवडत होते आणि खडा कुठला, तांदूळ कुठला, मला दिसत नव्हतं. घरी अडले तर त्याच वाटेनं दवाखाना. मला मरायचं नव्हतं. पण न्यायला आलेल्या बापाला नाही म्हणायला तोंड कुठून आणू?

शेवटी यांनीच विषय काढला. "बाबा, परळले बाळंतपणाचं इस्पितळ आहे, बाई डॉक्टर आहे. आपली ट्राम सीधी तिथंच जाते. फिकर नाई."

"गाडीची गोष्ट मले सांगू नका जावईबापू," बाबा म्हणाले. "गाडीत बसवूनच नेलं होतं मी."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पागोटं बांधून ते दारात उभे. "चाल, दाखव तुही गाडी."

निघताना त्यांनी पितळेचा गडवा उचलला आणि नळाखाली काठोकाठ भरला. हे कशासाठी, ते मला माहीत होतं. बैलबाजारात जोडी घ्यायची झाली की बाबा विकणाऱ्याचं काही ऐकून घेत नसत. गडवा भरायचा, बंडीत मांडीवर धरायचा आणि बैल हाकायचे. पाणी किती सांडतं ते बघून जोडी घ्यायची की सोडायची ते ठरवायचे. आता ते मुंबईची ट्राम पारखायला निघाले होते.

एका काखेत तणसाचं बोचकं, दोन्ही हातांत गडवा. बाबांनी ट्रामच्या बाकावर तणस पसरलं आणि मला म्हणाले, "बस."

कंडक्टर धावत आला. रत्नागिरीकडचा असावा. "अहो बाबा, हे काय मांडलंय? गोठा आहे काय हा?"

"माही पोर दोन जिवाची आहे. दचका बसला त तू येशील काय निस्तरायले?"

तो माझ्याकडं बघून जरा नरमला. "दचका नाही बसत हो. बरं, बसा. उतरताना उचला म्हणजे झालं."

घंटा वाजली. मी तणसावर बसले होते, शेजारी बाबा मांडीवर गडवा धरून. त्यांची नजर पाण्यावरून हलत नव्हती. समोरची पारशीण बाई आधी हसली, मग तीही पाण्याकडंच बघायला लागली. मागच्या बाकावरचा एक गिरणीवाला उठून उभा राहून बघत होता. पुढं एक बैलगाडी रुळांवर आडवी आली, चालवणाऱ्यानं पायानं ठणठण घंटा बडवली, ट्राम हळूच थांबली, हळूच निघाली. पाणी नुसतं थरथरलं. रूळ एकमेकांना छेदतात तिथं खडखडाट झाला आणि चार थेंब बाबांच्या धोतरावर पडले. बस्स, तेवढंच.

परळला उतरलो. इस्पितळ समोरच होतं. बाबा आत गेले नाहीत. दारातून माणसांची ये-जा बघत ते बराच वेळ उभे राहिले. नेसूचं लुगडं सावरत एक पोटुशी बाई ट्राममधून उतरली आणि आपल्या पायांनी आत चालत गेली. बाबांनी तिला नजरेआड होईपर्यंत पाहिलं.

परतीच्या ट्राममध्ये त्यांनी कंडक्टरला गाठलं. "पाण्यापावसात चालते काय हे?"

"चालते. फारच पाणी साचलं तर थांबते, मग ओसरलं की पुन्हा चालू."

"खोटं नाई बोलला," बाबा मला म्हणाले. दादरला मला घरी सोडून ते पुन्हा एकटेच गेले. पुन्हा भरलेला गडवा, पुन्हा परळ. आले तेव्हा भर दुपार झाली होती आणि त्यांचा चेहरा असा झाला होता, की देवळातून आले असावेत असं वाटलं. गडवा खाली ठेवून ते भिंतीशी बसले.

"जमना वाचली असती वं," ते म्हणाले.

एवढ्या काळात पहिल्यांदा ते नाव. मग ते रडले. माझ्या बाबांना मी तोवर रडताना पाहिलं नव्हतं. जमनाला अग्नी दिला तेव्हाही नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. डोळे पुसून म्हणाले, "तू अठीच राह. तुह्या मायले मी घेऊन येतो."

"पण बाबा, गावातले लोक काय म्हणतील?"

"बोलणाऱ्याले भादव्यात नाल्यात उभा करतो. मंग बोल म्हणतो."

असं माझं माहेर आगगाडीत बसून मुंबईला आलं. मायनं बाजेची दोरी सोडून पिशवीत भरून आणली होती, डिंकाचा डबाही होता. तिनं दोन मजली ट्राम पाहिली आणि माझा हात घट्ट धरून म्हणाली, "अवं देवके, माडी चालून राहिली!" आश्विनातल्या एका सकाळी, रिमझिम पावसात, मी तिच्याबरोबर ट्राममध्ये चढले. मी नीट बसेपर्यंत कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली नाही. मूल आडवं होतं. बाई डॉक्टरांनी फार शर्थ केली. मुलगी झाली, मी वाचले. गावी असते तर वाचले नसते, हे डॉक्टरांनी मायला स्वच्छ सांगितलं.  घरी परत येताना ट्रामच्या पायरीला हात लावून मायनं तो कपाळाला लावला, आणि मागच्या माणसानं घाई केली तेव्हा त्याच्यावर खेकसली.

बाबा गावी गेले आणि धानाची मळणी उरकून उन्हाळा लागल्यावर त्यांनी एक विचित्र काम काढलं. टेकडीवरून बंडीभर मुरूम आणायचा आणि वाटेवर टाकून धुम्मसानं ठोकायचा. लोकांनी सांगितलं, करायचंच आहे तर स्टेशनापासून सुरू करा, सरकारच्या नजरेस तरी पडेल. बाबांनी सुरुवात नाल्यापासून केली. "बुढा मुंबईहून येडा होऊन आला," म्हणून पोरंसोरं मागं लागायची. मी माहेरी गेले तेव्हा मीही विचारलं, "बाबा, कायले एवढी मेहनत? पाऊस आला की सगळं वाहून जाते."

"गाडी त आणता येत नाई मले," ते म्हणाले. "वाट त करता येते."

पहिल्या पावसात बराच मुरूम वाहून गेलाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी पुन्हा टाकला. मग माझा धाकटा भाऊ आपली बंडी घेऊन आला. मग ज्यांच्या घरात लेकीसुना होत्या असे आणखी काही. वाट पुरी झालेली पाहायला बाबा राहिले नाहीत. नाल्यावर दगडाचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, झाला तो त्यांच्यामागं, भावानं आणि गावानं मिळून केला.

इकडं मुंबईत तोवर मोटारबस आल्या, त्यांच्यावरही मजले चढले. लढाईच्या दिवसांनी सगळ्यांना रांगेत उभं राहायला शिकवलं. ट्राम आता जुनी झाली. बाकं खिळखिळी, खिडक्यांची फडकी फाटलेली, गर्दी अशी की गडवा सोडा, माणूस धरायला जागा नाही. माझी लेकच म्हणते, "आई, हिच्यापेक्षा चालत लवकर पोचू." मला राग येतो. तुला ती वेळेवर घेऊन गेली होती, असं मी तिला ऐकवते. ती हसते. हसू दे. जिला कधी अडकावं लागलं नाही, तिनं हसावंच.

आमच्या बाजूची पुष्कळ मंडळी आता मुंबईत, नागपुरात, टाटानगरात पांगली आहेत. भेटली की म्हणतात, गावी राहिलंय काय? मायबाप गेले, जमीन भावाकडं, जायचं कशाला? यंदा इंग्रज गेले, आता खरे सुखाचे दिवस शहरातच येणार, असंही म्हणतात. येवोत. पण मी चार दिवसांत निघते आहे. श्रावणात, हो, पावसाळ्यात! भावाच्या सुनेला नववा लागला आहे आणि त्यानं निरोप धाडला आहे, की आमगावला बंडी उभी ठेवतो, बाई तू ये. त्याची थोरली सून गेल्या पावसाळ्यात अडली होती. तिला त्याच वाटेनं स्टेशनावर नेलं, गाडी मिळाली, ती गोंदियाला पोचली.

राहिलंय काय म्हणून विचारता, तर हे राहिलंय. आमच्या गावच्या बाया आता भादव्यातही बाळंतपणाला जातात आणि परत येतात.