मास्तरांची मागे जाणारी कादंबरी

टेलरमास्तर कादंबरी लिहितायत ही बातमी फुटली तेव्हा गल्ली पोट धरून हसली. उभा जन्म पँटी उसवण्यात आणि आखूड करण्यात गेला, आणि आता म्हणे कादंबरी. तीही साधीसुधी नाही, काळात मागे जायची. नायक मास्तरांच्याच दुकानातल्या ट्रायलरूमचा पडदा सारून आत शिरतो आणि बाहेर येतो तो पंचवीस वर्षांपूर्वीच्या याच गल्लीत. हे कळल्यावर मात्र हसणारेच चौकशीला येऊ लागले. लॉण्ड्रीवाल्याने तर बजावूनच ठेवलं, "मास्तर, तेव्हा मला केस होते. जरा भरघोस लिहा."

मास्तरांचा खाक्या असा, की ट्रायल घेतल्याशिवाय कपडा हातावेगळा करायचा नाही. कादंबरीलाही तोच नियम. प्रकरण कच्चं लिहून झालं की दुपारी गिऱ्हाईक नसताना ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवत. बाई काजं-बटणं करता करता ऐकत आणि कुठे घट्ट झालंय, कुठे ढगळ, ते सांगत. मास्तर गुपचूप दुरुस्ती करत.

मूळ दुकान एकच होतं, मास्तरांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं. पंचवीस वर्षांपूर्वी खिडकीच्या उजेडात कुणाचं मशीन असावं यावरून दोघांची जुंपली. शब्दाने शब्द वाढला आणि आठवड्याच्या आत मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं. सुतार न्यायी निघाला, त्याने खिडकीसुद्धा अर्धी अर्धी वाटली. तेव्हापासून अबोला. पार्टिशन इतकं पातळ, की एकाला शिंक आली तर दुसऱ्याची टीप वाकडी जायची; पण बोलणं नाही म्हणजे नाही. एका आईच्या पोटी दोन हट्टी गाढवं जन्मली, दुसरं काय म्हणायचं?

आणि मग लॉण्ड्रीवाल्यानेच बातमी आणली. दादा दुकान बंद करतोय. वहिनी गेल्यापासून एकटाच होता, आता मुलगी त्याला कायमचा आपल्या गावी नेणार होती. रविवारी. त्या दिवशी मास्तर भरल्या ताटावरून उठले.

"अहो, चार पावलांवर दार आहे त्यांचं. जाऊन बोला की," बाई म्हणाल्या.

"आधी मीच का?"

"मग बसा."

मास्तर बसले, पण लिहायला. शिलाईची कामं बाजूला सारून त्यांनी शेवटचं प्रकरण एका दमात उतरवलं आणि दुसऱ्या दुपारी वाचायला घेतलं. हल्ली त्यांचा आवाज जरा जास्तच चढलेला असतो, हे बाईंनी कधीच हेरलं होतं. पण त्या मान खाली घालून काजं करत राहिल्या.

प्रकरणात नायक नेमका भांडणाच्या दिवशी पोचतो. दोन भाऊ एकमेकांच्या अंगावर धावून जातायत. नायक मधे पडतो आणि थोरल्याला सांगतो, बाबा रे, आज थांबला नाहीस तर म्हातारपणापर्यंत पस्तावशील. थोरल्याला ते लगेच पटतं. दोघे भाऊ गळ्यात पडतात.

पलीकडचं मशीन थांबलं.

"हे खोटं आहे," पार्टिशनमागून आवाज आला.

बाईंच्या हातातली सुई तशीच राहिली. इतक्या वर्षांनी ऐकलेला तो आवाज केवढा थकला होता.

"कोण कुठला परका माणूस," दादा पुढे म्हणाला, "त्याचं मी का ऐकलं असतं?"

मास्तर पार्टिशनकडे वळले. "मग कुणाचं ऐकलं असतंस?"

पलीकडे मशीन पुन्हा खडखडलं. मास्तरांना वाटलं, संपलं, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

"तुझं," दादा म्हणाला. "तू एकदा हाक मारली असतीस, तर त्याच दिवशी ऐकलं असतं. नंतरही कधीही."

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"दादा," त्यांनी हाक मारली.

"हं." मग घसा खाकरल्याचा आवाज. "रोज ऐकतोय मी ही कादंबरी. चांगली चाललीय. रविवारपर्यंत होईल ना वाचून?"

शेवटचं पान मास्तरांच्या हातात होतं. खाली 'समाप्त' लिहून त्यांनी दोन रेघाही मारल्या होत्या.

"छे रे," मास्तर म्हणाले. "अजून बरीच राहिलीय."