नसलेल्या खड्ड्याभोवतीचा कोलम

"माणसाने एक वेळ खोटं बोलावं, पण लिहून देऊ नये," असं वेंकूबाईंचे वडील म्हणायचे. वेंकूबाई इतकी वर्षं खोटं कधी बोलल्या नव्हत्या. लिहून मात्र दिलं होतं, एकदाच, आणि तेही मोत्यासारख्या अक्षरात.

तंजावरात राजवाड्यामागच्या एका गल्लीत त्या राहतात. वय सदुसष्ट, तोंड फटकळ, पाय अजून घट्ट. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. एकतीस वर्षं एका कचेरीत कारकुनी केली. कुठल्या कचेरीत, ते विचारू नका. सगळ्या एकाच माळेचे मणी. घरात त्या आणि नवरा, सांबशिव. ते शाळेत गणित शिकवायचे. आता काचबिंदूने नजर गेली, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण हट्ट केवढा! रोज पहाटे साडेपाचला डावा हात भिंतीला लावून, पावलं मोजत एकटे देवळात जातात. एकशे बारा पावलं. काठी पुढे केली की म्हणतात, "मी काय आंधळा आहें?"

त्यातल्या चाळिसाव्या पावलाशी, गल्लीच्या मधोमध, भुयारी गटाराचं तोंड आहे. त्यावरची जुनी दगडी लादी आडी महिन्यात, म्हणजे आपल्या आषाढात, एका लॉरीने फोडली आणि पुरुषभर खोल खड्डा आ वासून बसला. आतलं पाणी दिसायचं नाही, नुसतं ऐकू यायचं. भर दुपारी वाकून बघितलं तरी तोंडावर गार वारा लागायचा. गल्लीतल्या लोकांनी त्यात एक फांदी खोवली, वर लाल चिंधी बांधली. फांदीचा पाला शेळीने खाल्ला, चिंधी वाऱ्याने नेली.

सांबशिव एक दिवस त्यात जाणार, हे वेंकूबाईंना स्वच्छ दिसत होतं. सोमवारच्या तक्रारदिवशी रांगेत उभं राहून त्यांनी अर्ज दिला. आठवड्याने मोबाइलवर निरोप आला: तुमची तक्रार निकालात निघाली. खड्डा तिथंच! दुसरा अर्ज दिला, तोही निकालात. "आता मलाच काढा निकालात," असं म्हणत त्यांनी तिसरा अर्ज खिडकीत आपटला.

त्याला टपालाने उत्तर आलं. 'सदर ठिकाणी उघडा खड्डा नाही. पाहणी होऊन झाकण बसवल्याचा अहवाल दप्तरी आहे. प्रत सोबत जोडली आहे.' वेंकूबाईंनी प्रत उलगडली. अक्षर मोत्यासारखं होतं. खालची सही त्यांची स्वतःची होती, एकवीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा भुवना म्हणून एक बाई गल्लीतल्या पाच-सहा घरांपुढे झाडून, सडा टाकून कोलम घालायची. कोलम म्हणजे तिकडची तांदळाच्या पिठाची, ठिपक्यांची रांगोळी. भुवनाचा हात असा, की एकदा सुरू झालेली रेघ मध्ये तुटायची नाही. फक्त कोपऱ्यातलं एक टोक ती मुद्दाम उघडं सोडायची. विचारलं की हसायची. "पुरं केलं तर उद्या मला कोण बोलावेल, अम्मा?" ऐप्पसीच्या, म्हणजे आश्विन-कार्तिकातल्या, पावसात एका पहाटे ती याच खड्ड्यात पडली आणि मेली. झाकण तेव्हाही नव्हतं. दुसऱ्या दिवशी इंजिनियर राजगोपाल वेंकूबाईंच्या टेबलाशी आला. "अम्मा, मी रजेवर आहे असं समजा. झाकण महिन्यापूर्वीच बसलं, एवढं लिहून माझ्याकरिता सही करा. उद्या बसतंच आहे." नोकरीची भीती कुणाला नसते? वेंकूबाईंनी लिहिलं. झाकण काही बसलं नाही, शेवटी गल्लीनेच लादी आणून टाकली. आणि भुवना कागदोपत्री 'स्वतःच्या घरी पाय घसरून' मेली.

उत्तर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे वेंकूबाई दार उघडून बाहेर आल्या, तर खड्ड्याभोवती कोलम घातलेला होता. वितभर जागा न सोडता, चारी बाजूंनी, रेघ कुठंही तुटलेली नाही. कोपऱ्यात एक टोक उघडं.

त्यांनी घरोघर विचारलं. कुणी घातला नव्हता. गल्लीतल्या लेकी-सुना पिठाच्या जागी दारात स्टिकर चिकटवणाऱ्या, त्यांना कुठला एवढा कोलम जमायला! दिवसभर गाड्यांच्या चाकांनी तो पुसला जायचा. दुसऱ्या पहाटे पुन्हा हजर. वेंकूबाई चार वाजल्यापासून खिडकीशी बसून बघू लागल्या. डोळा लवला नाही तरी उजाडताना तो असायचाच. घातला कधी, ते कळायचं नाही.

त्या राजगोपालकडे गेल्या. तो आता वॉर्डाचा पुढारी. गल्लीच्या तोंडाशीच हात जोडलेला त्याचा फ्लेक्स आहे. त्याने कॉफी पाजली, अहवाल वाचला, उलटून पालटून पाहिला. "यावर माझी सही कुठे आहे, अम्मा?" तो गोड हसला. "जाऊ द्या. तुमचं वय झालं."

मग त्या बसने तिरुवैयारूला गेल्या. भुवनाची मुलगी शांभवी तिथं देवळाबाहेर हार विकते. कोलमचं ऐकून शांभवीचे हात थांबले.

"मी नाही घालत," ती तमिळमध्ये म्हणाली. "मला येतच नाही. आई शिकवायच्या आत गेली." मग हारात एक कळी ओवत म्हणाली, "माझे वडील मरेपर्यंत तुमच्या कचेरीत जात होते. तिथं खड्डाच नाही, असं उत्तर मिळायचं. ते एकच विचारायचे. मग ती पडली कुठं? तुम्ही त्याच कचेरीत होता ना, अम्मा? तुम्हाला ठाऊक आहे?"

"मज ठाऊक नाही," वेंकूबाई चक्क मराठीत पुटपुटल्या आणि बसमध्ये येऊन बसल्या. तोंडाने बोललेलं त्यांचं हे पहिलं खोटं.

दोन दिवसांनी पहाटे त्यांचा डोळा लागला. जाग आली तर सांबशिव अंथरुणात नव्हते. खिडकीतून बाहेर पाहिलं, तर खड्ड्याभोवती कोलम नव्हता. जमीन कोरडी, रिकामी.

त्या मुलखात दारापुढे कोलम नसणं म्हणजे काय, हे पोरासोरांनाही कळतं. घरात कुणी गेलं की त्या दिवशी सडा नाही, कोलम नाही. वेंकूबाई तशाच अनवाणी, ओरडत धावल्या.

सांबशिव खड्ड्याच्या काठाशी उभे होते. कुणीतरी भिंतीला लागून मोटारसायकल लावून ठेवली होती, तिला वळसा घालताना त्यांचा हात भिंतीवरून सुटला होता. एक पाय उचललेला, तसाच अधांतरी. पुढे टेकवला असता तर संपलंच असतं.

"अगे, ओरडतेस कशाला?" ते शांतपणे म्हणाले. "ती बाई थांबा म्हणाली. कोलम घालते आहें, पाय पडेल, दोन मिनिटं थांबा मास्तर, असं म्हणाली. चांगली बाई आहे, बांगड्या वाजतात तिच्या. झालं का गे तिचं?"

वेंकूबाईंनी दोन्ही हातांनी त्यांना मागे ओढलं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. खड्ड्यातून गार वारा येत होता. त्या तिथंच रस्त्यावर बसून ढसाढसा रडल्या. जिचं मरण मी खोटं ठरवलं, तिने हातातलं काम टाकून माझं कुंकू राखलं. थू माझ्या अक्षरावर!

सोमवारी त्यांनी चौथा अर्ज दिला. 'सोबतचा अहवाल खोटा आहे. तो मी जागेवर न जाता, राजगोपाल यांच्या सांगण्यावरून लिहिला. झाकण नव्हतं. भुवना तिथंच पडून मेली. माझ्यावर कारवाई व्हावी.'

खिडकीतला कारकून गणेशकुमार तरुण होता, भला होता. त्याने दोनदा वाचलं आणि आवाज खाली केला. "अम्मा, परत घ्या. यात राजगोपालांचं काही वाकडं होणार नाही. अडकाल तुम्ही. आणि खड्डा राहील तसाच."

"लेकरा, मी एकतीस वर्षं फायली चालवल्या," वेंकूबाई म्हणाल्या. "खोटं लिहिलं म्हणून मला धरायचं असेल, तर आधी तुम्हाला लिहावं लागेल की तिथं खड्डा आहे. आणि एकदा लिहिलंत की झाकावाच लागेल. मार शिक्का."

तीन अर्जांनी कुणी जागेवर फिरकलं नाही, या अर्जाला आठ दिवस पुरले. माणसाला धरायचं म्हटलं की कचेरीला पंख फुटतात. दोन अधिकारी आले, त्यांनी टेप सोडून खड्डा मोजला, फोटो काढले. 'खोली साडेसात फूट. झाकण नाही. पूर्वी कधी बसवल्याची खूण आढळत नाही.' वेंकूबाईंच्या हातात नोटीस पडली, त्यांच्यावर चौकशी बसली. पुढच्याच आठवड्यात चार माणसांनी गाडीवरून नवी लादी आणली आणि खड्ड्यावर बसवली. लादीवर लाल रंगात राजगोपालचं नाव: यांच्या अथक प्रयत्नांनी. निलाजरेपणाला काही सीमा!

अधिकाऱ्यांच्या पाहणीची प्रत घेऊन वेंकूबाई पुन्हा तिरुवैयारूला गेल्या. शांभवीपुढे उभं राहून, एकेक शब्द त्यांनी वाचून दाखवला.

"तू विचारलंस ना, आई कुठं पडली? इथं पडली. खड्डा नाही असं लिहिणारी मी. त्या दिवशी तुज खोटं सांगितलं."

शांभवीने क्षमाही केली नाही, शिव्याही दिल्या नाहीत. तिने टोपलीवर ओलं फडकं टाकलं. "उद्या पहिल्या बसने येते. त्या लादीवर कोलम घालायचा आहे. येईल तसा घालीन."

पहाटे ती पिठाचा डबा घेऊन आली. वेंकूबाई तिला घेऊन गल्लीत शिरल्या. सांबशिव दारात उभे होते. "तुम्ही आत्ता येता होय?" ते म्हणाले. "मग मघापासून बांगड्या कुणाच्या वाजत होत्या?"

लादीभोवतीची जमीन सड्याने ओली होती. लादीवर कोलम होता, राजगोपालच्या नावावरून असा फिरवलेला की एक अक्षर वाचता येऊ नये. शांभवीने वाकून कोपऱ्यातलं टोक शोधलं. सगळीकडे बोट फिरवलं.

टोक कुठंच उघडं नव्हतं. ती डबा छातीशी धरून तिथंच बसली, आणि एकवीस वर्षांनी आईसाठी मोठ्याने रडली.