मार्चची टेप

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेट भरत होते. शिपाई दारात येऊन म्हणाला, तुझा फोन आहे, ऑफिसात चल. पलीकडे मामी होती, नागपूरच्या दवाखान्यातून. "ये व पोरी," एवढंच म्हणाली. मग बराच वेळ वॉर्डातल्या भांड्यांचा आवाज येत राहिला... तिनं फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. त्याला आता सहा आठवडे होत आले. पेपरात कोणी लिहावं असे माझे मामा मोठे नव्हते, आणि मला लिहायची सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही मामांमुळेच. पण लिहिते आहे ते एवढ्यासाठी नाही. एक गोष्ट मला त्यांच्याशी बोलायची होती आणि मी बोलले नाही.

आमचं गाव कोहमाऱ्याजवळ. बारावी झाल्यावर पुढे शिकवायचं की नाही यावर घरी महिनाभर काथ्याकूट चालला होता. शेवटी मामाच आले आणि आईला म्हणाले, "राहू दे माह्याजवळ गोंदियाले. आमी दोघंच तर आहोन." रामेश्वरमामा गोंदियात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कॉम्प्युटर सांभाळायचे. शिक्षण दहावी आणि टायपिंग. रक्त-लघवीचे रिपोर्ट टाइप करायचे हे एक काम, आणि दुसरं टेपांचं. कॉम्प्युटर जुना, त्यात जागा थोडी, म्हणून महिना संपला की त्या महिन्याचे सगळे रिपोर्ट एका टेपवर उतरवून कॉम्प्युटरातून काढून टाकत. टेप म्हणजे काडेपेटीपेक्षा जराशी मोठी कॅसेट. बारा महिन्यांच्या अशा बारा. शिवाय रोजच्या नकलेसाठी सहा वारांच्या सहा वेगळ्या. सोमवारची टेप पुढच्या सोमवारी परत चढायची, आधीचं पुसून तिच्यावर नवं. तशीच मार्चची टेप पुढच्या मार्चअखेरीस. म्हणजे वर्षापेक्षा जुनं काही कुठेच उरत नसे. एकदा मामांनी डॉक्टरांकडे जास्तीच्या टेपा मागितल्या होत्या, जुनी वर्षं बाजूला ठेवायला. डॉक्टर हसून म्हणाले, "अरे भाऊ, एक साल बाद कौन पूछने आता है?" आणि खरंच कोणी येत नव्हतं.

दुपारी दोनला लॅब बंद झाली की हे काम चालायचं. ते दिवस लोडशेडिंगचे. अर्ध्यात लाइट गेली की टेप पुन्हा पहिल्यापासून, म्हणून वीज कधी जाणार याचं वेळापत्रक मामांना तोंडपाठ असे. लॅबमधला टेक्निशियन त्यांना टेपवाले भाऊ म्हणायचा. जेवताना विचारायचा, "टेपवाले भाऊ, आज कोणाले पुसून राहिले?" मामा मान वर न करता म्हणायचे, "तुले. उभा राह्य तिथीच."

मी पहिल्या वर्षाला होते त्या मार्चच्या शेवटच्या दिवशी मामांचा डबा घेऊन लॅबमध्ये गेले होते. मामांनी गेल्या मार्चची टेप हातात धरली होती. मला म्हणाले, "घे, आज तू चढव." मला कॉम्प्युटरला हात लावायची भीती वाटायची आणि ते त्यांना ठाऊक होतं. मी विचारलं, "मामा, यातलं सगळं पुसलं जाईल ना?"

"जाईल ना. मंग?"

"कोणाला लागलं तर?"

"सालभर नाही लागलं ते आता कायले लागते व? घाल."

मी टेप खाचेत सरकवली. मशिननं ती आत ओढून घेतली, हिरवा दिवा लुकलुकायला लागला, आणि मामा म्हणाले, "झाली का नाही इंजिनीअर?" आम्ही दोघं एकाच डब्यात जेवलो. कितीतरी दिवस मला ती दुपार आनंदाची म्हणून आठवायची.

त्याच्या पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मामांचे पाय सुजायला लागले. मूत्रपिंडाचा आजार निघाला आणि आम्ही त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "याआधी रक्तातलं क्रिएटिनिन कधी तपासलं होतं? जुना रिपोर्ट आहे?" त्यांनी नीट समजावूनही सांगितलं. हे दुखणं अलीकडचं असेल तर मूत्रपिंड पुन्हा काम करू लागण्याची आशा धरता येते, त्याचे उपचार वेगळे. आतल्या आत जुनं असेल तर डायलिसिसशिवाय मार्ग नाही. सोनोग्राफीवरून नक्की काही सांगता येत नव्हतं.

मामा म्हणाले, तपासलं होतं. लॅबमध्ये नवीन मशीन आलं तेव्हा ते बरोबर चालतं का हे पाहायला इंजिनीअरनं सगळ्या कामगारांचं रक्त घेतलं होतं. चाचणीपुरतं, म्हणून रजिस्टरमध्ये नोंद नाही. रिपोर्ट कॉम्प्युटरवर आला, मामांनी पाहिला आणि कामाला लागले. दिवसभर लोकांचे रिपोर्ट छापून देणाऱ्या माणसानं आपल्या रिपोर्टचा कागद काढला नाही. "कायले कागद खराब करा, डोळ्यानं तर पाहिलाच होता," ते म्हणाले.

"किती होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"एक पॉइंट एक..." मामा थांबले. "का एक पॉइंट सात?"

डॉक्टर म्हणाले, यात फार फरक आहे, एक पॉइंट एक म्हणजे तेव्हा मूत्रपिंड ठीक होतं, एक पॉइंट सात म्हणजे दुखणं तेव्हापासूनचंच, आठवून पाहा. मामांनी डोळे मिटले. कोणती टेप कोणत्या दिवशी चढली हे न पाहता सांगणारा माणूस, पण आपला तो एक आकडा काही त्यांना सापडेना. डॉक्टरांनी विचारलं, लॅबमध्ये कुठे जपून ठेवलेला असेल का, महिना कोणता होता? मामा म्हणाले, मार्च. आणि वर्ष सांगितलं, मी बारावीत होते ते.

मी खाटेच्या पायथ्याशी उभी होते. मला एकदम समजलं. मी मामांकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे नाही पाहिलं. डॉक्टरांना म्हणाले, "टेप पुसली गेली, साहेब. म्याच पुसली."

मी काही बोलले नाही... तेव्हाही नाही, आणि पुढचे चार महिनेही नाही. आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी ते नागपूरला जायचे. मला सुट्टी असली की सोबत मी असायची. गाडीत समोरासमोर बसून मी एकदा सुरुवात केली, "मामा, ती टेप..." तर म्हणाले, "जर्नल पुरं झालं का तुयं?" कॉलेजच्या सरांना मी विचारलं होतं, पुसलेल्या टेपवरचं काही परत मिळवता येतं का. ते म्हणाले, तिच्यावर दुसरं लिहिलं असेल तर नाही. मामा गेल्यावर डॉक्टरांनी मामीला सांगितलं की जुना रिपोर्ट मिळाला असता तरी कदाचित हेच झालं असतं. कदाचित. मला ते खरं वाटावं म्हणून मी रोज प्रयत्न करते.

गेल्या आठवड्यात लॅबमधून नवीन ऑपरेटर घरी आला. महिन्यांच्या टेपा मामा घरीच ठेवायचे, लॅबला आग लागली तरी त्या राहाव्यात म्हणून. स्टीलच्या डब्यात भरून मामीच्या कपाटात. "माह्या लुगड्यायच्या मधात लोकायचं रक्त-लघवी आणून ठेवलं," अशी मामी दर महिन्याला कुरकुर करायची, आणि तरी महिनाअखेरीस न सांगता डबा काढून टेबलावर ठेवायची. त्या दिवशीही तिनंच काढला. ऑपरेटरनं बाराही मोजून घेतल्या. लेबलांवर मामांनी पेन्सिलनं लिहिलेल्या तारखा होत्या. खोडून पुन्हा लिहून कागद गुळगुळीत झालेला. "आता छापील लेबलं लावतो," तो म्हणाला.

मार्चची टेप वरच होती. मामीनं ती उचलून माझ्याकडे धरली. "याच्यात त्याईचं काही आहे का व? असंन तर ठेवून घेऊ."

मी टेप हातात घेतली. आत कितीतरी माणसांचे आकडे होते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही ते कधी लागू शकत होते.

"नाही मामी," मी म्हणाले, आणि टेप त्या माणसाला दिली.

तो गेल्यावर मामीनं रिकामा डबा पदरानं पुसला आणि परत लुगड्यांच्या मधे ठेवला.