गयाबाईने दाखवलेलं घर

भूत, भानामती, अंगात येणं... या गोष्टींवरून मी आयुष्यभर लोकांशी वाद घातले आहेत. नोकरीच तशी होती. ताप कोणाच्या कोपाने येत नाही, डास चावल्याने येतो, हे दारोदार सांगण्याचाच मला पगार मिळायचा. त्यामुळे अशा सदरात आपण काही लिहून पाठवू, असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आता वय झालं. ही हकिकत माझ्या दोन मुलांशिवाय कोणाला नीट सांगितलेली नाही, आणि ती दोघं ऐकून हसली. तुम्हीही हसा, हरकत नाही. घडलं तसं लिहितो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी बुलढाण्याचा, वडील कचेरीत कारकून. मॅट्रिक झालो आणि मलेरिया खात्यात ‘सर्व्हेलन्स वर्कर’ म्हणून लागलो. नाव मोठं, काम साधं. एक सायकल, एक खाकी पिशवी. पिशवीत काचेच्या स्लाइड, सुया, स्पिरिट, कापूस आणि गोळ्या. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक घरी जायचं आणि विचारायचं — घरात कोणाला ताप आला का? आला असेल तर बोटाला सुई टोचून थेंबभर रक्त काचेवर घ्यायचं, गोळ्या आपल्या समोर गिळायला लावायच्या, भिंतीवर तारीख लिहायची... की पुढचं घर.

माझ्याकडे देऊळघाट हे गाव होतं. पहिले दोन महिने लोकांनी माझा पुरता घाम काढला. ‘सुईवाला आला’ म्हणताच पोरं गोठ्यात लपायची. आत कोणीतरी गोधडीखाली कुडकुडत असायचं आणि दारातली बाई म्हणायची, “ताप? नाही बा, आमच्याकडे कोणालेच नाही!” आम्ही रक्त शहरात नेऊन विकतो, अशी एक बातमीही गावात पसरली होती.

हे सगळं बदललं ते गयाबाईमुळे.

गयाबाई म्हणजे साठीची विधवा, मूलबाळ नाही, गल्लीच्या तोंडाशी एका खोलीत राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण तोंड सारखं चालू. एक दिवस मी हताश होऊन तिच्या ओट्यावर बसलो होतो. तिने विचारलं, “काऊन बसला रे बापू?” मी रडगाणं गायलं. ती उठली, भर गल्लीत उभी राहिली आणि तिने बोट पुढे केलं. “टोच मले! पाहू दे साऱ्याईले.” मी टोचलं. तिने ते बोट सगळ्या बायांना दाखवलं. “पाह्यलं? मेली का मी? मंग काऊन भेता?”

त्यानंतर दर खेपेला ती माझ्याबरोबर फिरू लागली. धड दिसत नव्हतं, म्हणून माझ्या सायकलचं कॅरिअर धरून चालायची आणि वाटभर बोलायची... कोणाच्या घरी कोण आजारी, कोण खोटं बोलतं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत. फेरी संपली की मला ताक द्यायची. त्या ताकासाठी मी देऊळघाटला वेळेआधी पोचायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फक्त एका घराचं नाव ती काढत नसे — तिच्या पुतण्याचं. नारायण हा तिच्या धाकट्या दिराचा मुलगा. त्याची आई लवकर वारली, तेव्हा गयाबाईनेच त्याला वाढवला. पण त्याच्या लग्नात, हळदीच्या वेळी, कोणीतरी तिला म्हणालं, “तुम्ही जरा बाजूले व्हा.” विधवा ना! नारायण तिथेच पाटावर बसला होता. तो काहीच बोलला नाही. गयाबाई जेवणही न करता घरी आली, आणि ‘याच्या घरात या जन्मात पाय ठेवणार नाही’ असं सगळ्यांदेखत बोलून बसली. याला दोन वर्षं झाली होती. हे मला तिने नाही, शेजारणीने सांगितलं.

तर आता तो मंगळवार.

दिवाळी होऊन गेली होती. शेतात ज्वारी पुरुषभर उंच उभी होती. मी नेहमीप्रमाणे गयाबाईच्या घरी गेलो तर दार लावलेलं. वाटलं, गेली असेल कुठे शेजारी. मी भिंतीवर तारीख लिहिली, एकट्यानेच गल्ल्या उरकल्या आणि बारा-साडेबाराच्या सुमारास परत निघालो. ऊन चांगलंच होतं. गावाबाहेरच्या वळणावर पाहतो तर गयाबाई उभी.

“मावशी, कुठे होता तुम्ही?” मी विचारलं.

ती एवढंच म्हणाली, “एक घर राह्यलं तुहं. चाल लवकर.”

आणि नदीच्या दिशेने चालू लागली. मी रजिस्टर काढून म्हटलं, अहो, सगळी घरं झाली. पण ती थांबलीच नाही. मग मी सायकल बाभळीला टेकवली आणि तिच्या मागे निघालो. नदीला पाणी कमी होतं, लोक दगडांवर पाय ठेवत पलीकडे जायचे. गयाबाई त्या दगडांवरून भराभर पलीकडे गेली. माझाच पाय घसरला आणि बूट भिजला. खरं म्हणजे मला तेव्हाच खटकायला हवं होतं — जिला माझं कॅरिअर सोडवत नाही, ती बाई अशी कशी चालते? पण मी बुटातलं पाणी झटकत होतो. आणि ती वाटभर एक शब्द बोलली नाही, याचंही मला त्या वेळी काही वाटलं नाही. वाटलं, काहीतरी घाई आहे.

ज्वारीच्या पलीकडे मळ्यात दोन खणांचं मातीचं घर होतं. माझ्या यादीत ते नव्हतं. तिथे कोणी राहत असेल अशी कल्पनाच नव्हती. गयाबाई सरळ आत गेली. मीही गेलो. बाजेवर एक तरुण मुलगी पडलेली... अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फाटलेले, तोंडाने काहीतरी पुटपुटत होती. आणि पोटुशी, सात-आठ महिन्यांची असावी. जवळ पाण्याचा तांब्या लवंडला होता. गयाबाई बाजेच्या उशाशी बसली आणि तिच्या केसांतून हात फिरवू लागली.

मी स्लाइड घेतली. गोळ्या द्यायला गेलो तर पोरीला गिळताच येईनात. हे माझ्या पिशवीतल्या औषधाचं काम नाही, एवढं मला कळलं.

“मावशी, हिला दवाखान्यात न्यावं लागेल. मी गाडी पाहतो.”

गयाबाई म्हणाली, “जाय. मी आहो.”

मी शेजारच्या मळ्यात पळत गेलो. तिथे एक म्हातारेबुवा बैलगाडीत गवत भरत होते. त्यांनी लगेच बैल जुंपले. आम्ही परत आलो तर पोरगी एकटीच. गयाबाई नव्हती. वाटलं, कोणाला बोलवायला गावात गेली असेल. वाट पाहायला वेळ नव्हता. पोरीला गाडीत घातलं, फाट्यावरून मोटर मिळाली, आणि चार वाजेपर्यंत ती बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात होती. तिथल्या डॉक्टरांनी मेंदूत चढू पाहणारा मलेरिया सांगितला. “आजची रात्र घरी काढली असती तर दोन्ही जीव गेले असते,” म्हणाले.

संध्याकाळी गाडीवाल्या म्हाताऱ्यांकडून कळून तिचा नवरा धावत आला. तिला दोन दिवसांपासून साधा ताप आहे असं समजून तो तिच्या आईला आणायला तिच्या माहेरी गेला होता. त्याने नाव सांगितलं — नारायण. तेव्हा मला कळलं की ही गयाबाईच्या पुतण्याची बायको, कमल. मळ्याच्या राखणीसाठी दोघं मी गावात येण्याआधीपासूनच तिथे राहत होती.

त्याच दिवशी मी रजिस्टरमध्ये नवीन घर नोंदवलं आणि शेऱ्यात लिहिलं — ‘गयाबाईने दाखवले’. आमच्या इन्स्पेक्टरांनी दुसऱ्या दिवशी त्यावर सही केली. हे मुद्दाम लिहितोय. माझ्या मनाचे खेळ म्हणणाऱ्यांसाठी.

पंधरा दिवसांनी मी देऊळघाटला गेलो. गयाबाई ओट्यावर बसली होती, डोळ्यांवर हिरवं कापड. शेजारी एक गृहस्थ — तिचे नांदुऱ्याचे भाऊ.

मी म्हटलं, “मावशी, पोरगी वाचली हो! तुम्ही त्या मंगळवारी नेलं नसतं तर...”

“कुठी नेलं?” ती म्हणाली. “मी तं नांदुऱ्याले होती. कालच आली. तूच तं मांगं लागला होता नं, डोयाचं ऑपरेशन करा म्हणून?”

मी हसलो. मला थट्टा वाटली. पण तिचे भाऊ म्हणाले, “नाही हो साहेब. नांदुऱ्याच्या शिबिरात रविवारी ऑपरेशन झालं तिचं. आठ दिवस दोन्ही डोयाले पट्ट्या. डोक्याच्या दोन्ही बाजूले वाळूच्या पिशव्या ठेवल्या होत्या, मान हालवाची नाही म्हणून. मंगळवारी तं मी दिवसभर तिच्या जवयच बसून होतो.”

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. गयाबाई आधी घाबरली. पदर घट्ट ओढून घेतला. “मा बाई! मंग ते कोण होतं?”

मग तिने हळूच विचारलं, “मी... आत गेली होती?”

“हो.”

“घरात?”

“पोरीच्या उशाशी बसला होता तुम्ही. केसांतून हात फिरवत होता.”

ती मान खाली घालून बसली. मग म्हणाली, “नदीवर भेटे कधी कधी ते पोरगी. मी बोलत नसे. तिनं एक खेप माही घागर उचलून देल्ली. मले दिसे नाही धड, पण हात तिचाच होता... पट्ट्या बांधून पडल्या पडल्या तिची याद येऊन राह्यली होती मले. सातवा लागला असंल म्हणलं. बस, इतकंच.”

आणि मग एकदम उठली. “चाल बापू.”

“कुठे?”

“नारायणच्या घरी. एक खेप जाऊन तं आलीच मी. आता काय राह्यलं?”

तिच्या भावाने आणि मी तिला नदी पार करून दिली. एकेका दगडावर तिचा हात धरून. कमल चार दिवसांपूर्वी घरी आली होती. ती बाजेवर उठून बसली आणि अगदी सहज म्हणाली, “या मोठीमाय. त्या दिवशी न सांगता काऊन निंगून गेल्या? मी किती हाका मारल्या.”

म्हणजे तिनेही पाहिलं होतं. तापात होती, मान्य. पण मी तर तापात नव्हतो!

नारायण बाहेरून आला आणि दारातच थिजला. मग त्याने वाकून तिचे पाय धरले, आणि सोडेचना. “मी तवा बोलाले पाह्यजे होतो मोठीमाय.” गयाबाईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. “ऊठ बे. पोरीले काही खाऊ घातलं का, का नुसतं रडूनच राह्यला?”

पुढे कमलला मुलगी झाली. बाळंतपण गयाबाईनेच केलं, नव्या चष्म्यातून सगळ्यांवर डाफरत. 

मी नंतर पुष्कळ विचार केला. दुसरी कोणी तिच्यासारखी दिसणारी बाई असेल? मग ती कोण, आणि कुठे गेली? गाडीवाल्या म्हाताऱ्यांना मी विचारलं. मळ्याला एकच वाट, आणि तिच्यावरून त्यांनी मला एकट्यालाच येताना पाहिलं होतं. उन्हाचा भास म्हणावा, तर भासाने मला यादीत नसलेलं घर कसं दाखवलं? आज ऐंशी उलटल्यावरही मी हेच प्रश्न घोळवत बसतो.

माझी मेहकरला बदली होईपर्यंत मी दर पंधरा दिवसांनी तिच्याकडे जात राहिलो. आणि दर वेळी ताकाचा पेला हातात देऊन ती म्हणायची, “सांग नं बापू, मंग मी काय केलं?” स्वतःचीच गोष्ट, पण लहान पोरासारखी ऐकायची. शेवटच्या भेटीत तिने एक नवाच प्रश्न विचारला. “माह्या पायात चप्पल होती का रे? का तशीच गेली होती मी... काट्याकुट्यातून?”

मला आठवेना. अजूनही आठवत नाही. पण त्या दिवशी मी तिला सांगितलं, “होती, मावशी.”

तेवढ्याने तिला बरं वाटलं.