घंगाळातलं ताक

आधी चहा घ्या. ताक मी हल्ली कुणाला विचारत नाही. का विचारत नाही ते ऐका, मग हसा पोटभर. बिल्डिंगमधले सगळे हसून झालेत, तुम्हीच राहिलात.

चामटोलीचं घर विकून आम्ही कात्रपला फ्लॅटमध्ये आलो. विकायचं मी ठरवलं. बायको काही बोलली नाही. येताना तिनं दोनच वस्तू हट्टानं घेतल्या. आंघोळीचं तांब्याचं घंगाळ, आणि परसातल्या कढीपत्त्याच्या मुळाशी फुटलेलं एक रोप. ते तिनं गॅलरीत अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये गावची माती घालून लावलं.

फ्लॅटमध्ये कोण कुणाकडे जातंय? दारं बंद! पण कढीपत्ता डोक्याएवढा उंच झाला आणि आमची बेल वाजायला लागली.

"काकू, चार पानं द्या ना, तेल तापत ठेवलंय!"

तेल तापत ठेवून आलेली बाई अर्धा तास बसायची. पूर्वी ओटीवर बसून बोलायची तशी आमची ही परत बोलायला लागली.

मग एका उन्हाळ्यात नवी पानं जरा फिकी आली, आणि मला वैद्यकी सुचली!

कढीपत्त्याला आंबट ताक घालतात, हे घरोघरी माहीत. टीव्हीवर रोज सकाळी सांगायचे, तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्या, तब्येत सुधारते. मी म्हटलं, दोन औषधं वेगळी कशाला? घंगाळ रिकामंच पडलंय. त्यातच मुरवू ताक!

आता, कल्हई नसलेल्या तांब्यात ताक कळकतं, हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. हिरवं पडलेलं दिसतही होतं. पण कळकलेलं माणसाला बाधतं, झाडाला कुठं पोट आहे? ही दुपारी पडली की मी गुपचूप तांब्याभर ओतायचो.

पानं आणखी पिवळी पडली. म्हटलं, औषध कमी पडतंय. दोन तांबे!

"अहो, याला झालंय तरी काय?"

"वरून साबणाचं पाणी गळतंय. दुसरं काय असणार?"

वरच्या मजल्यावरच्या सुनंदाचे कपडे खरंच ठिबकायचे. मी आवाज चढवणारा माणूस नाही, तुम्ही ओळखता मला. पण त्या दिवशी जिन्यात उभा राहून ओरडलो.

"काका, मी कपडे घट्ट पिळून वाळत घालते!"

"मग झाड मरतंय कशानं?"

"मला काय विचारता? झाडाला विचारा!"

चारही मजल्यांची दारं उघडली. आम्ही राहायला आलो तेव्हा एक उघडलं नव्हतं!

शेवटी झाड ड्रमसकट रिक्षात घालून उल्हासनगरच्या एका नर्सरीत नेलं. हीसुद्धा बरोबर आली. नर्सरीवाल्यानं माती सोडवून मुळं वर काढली. बारीक तंतू एक नाही. नुसती तपकिरी, आखूड, जाड थोटकं. झिजलेल्या केरसुणीसारखी.

"चाचा, इसको क्या पिलाया?"

मी मोठ्या अभिमानानं सांगितलं. तो हसत हसत स्टुलावरच बसला.

"अरे चाचा! तांबा झाडाला पण लागतो, पण नखाएवढा. तुम्ही तर पूरा घंगाळ पाजला!"

"पण वरची पानं तर नुसती पिवळीच पडली होती. मुळं एवढी कधी गेली?"

"तेच ना! जास्तीचा तांबा मूळ वर सोडत नाही. स्वतःजवळच दाबून ठेवतो, जमेल तेवढे दिवस. वर पत्ता पिवळा दिसेपर्यंत खाली सब खलास."

ही मुळांकडे बघत उभी होती. हळूच म्हणाली, "घर विकलंत तेव्हा मीपण तेच केलं."

नर्सरीवाल्याला काही समजलं नाही. मला समजलं. त्यानं नवं रोप पुढे केलं, हिनं नको म्हणून मान हलवली. परतीच्या रिक्षात ड्रम आमच्या दोघांच्या मध्ये होता.

मी सुनंदाकडे गेलो. "चुकलो गं पोरी. घंगाळानं मेलं झाड, तुझ्या साबणानं नाही."

"राहू द्या काका," ती म्हणाली. "कढीपत्ता आता आम्ही बाजारातूनच आणतो. भाजीवाला फुकट देतो."

त्यानंतर बेल वाजेना. आधी वाटलं, भारनियमन असेल. वर बघितलं, तर पंखा फिरत होता. मग वाटलं, बेलच बिघडली असेल. चप्पल घालून बाहेर गेलो, दार ओढून घेतलं आणि बटण दाबलं.

आत लगबग ऐकू आली. पदराला हात पुसत हिनं दार उघडलं, चेहरा हसरा. मला बघितलं आणि हसू मावळलं.

"तुम्ही होय?"

"बेल बघत होतो. वाजते का ते."

"वाजते ना?"

"वाजते," मी म्हणालो. घरात तेवढी एकच वस्तू माझ्या औषधातून वाचली होती.